टर्की रेडवाले अप्पा

अप्पा शेवडे गेले. त्यांच्या तेराव्याला जेवायला आलेल्यांपैकी पाच जणांनी तरी मला एकच वाक्य ऐकवलं, "शेवटी शेवटी हातच गेला हो त्यांचा." पाचव्या माणसाला मी भर पंगतीत म्हटलं, "हात नव्हता गेला. उगाच काहीही बोलू नका." तो बिचारा जिलेबीचा तुकडा हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. काकूंनी, म्हणजे अप्पांच्या बायकोनं, मला डोळ्यांनीच दटावलं. मी जेवायला लागले, पण ते वाक्य काही घशाखाली उतरत नाही. अप्पांचा हात गेला नव्हता. तो गेलाय असं त्यांना वाटायला लावलं आम्ही दोघींनी, काकूंनी आणि मी. त्यातही अक्कल माझी होती. आता लपवून काय करायचंय?

उज्जैनला नानाखेड्याच्या बसस्टँडमागच्या कॉलनीत अप्पांचं घर, आणि घराच्या मागे पत्र्याची शेड. त्या शेडमध्ये त्यांनी उभ्या आयुष्यात एकच वस्तू बनवली, टर्की रेड ऑइल. नाव ऐकून लोकांना वाटतं, तुर्कस्तानातून येत असेल आणि लाल असेल. दोन्ही खोटं. हे तेल मधाच्या रंगाचं असतं आणि आपल्या साध्या एरंडेलापासून होतं. एरंडेलात गंधकाचं आम्ल, ज्याला आम्ही उज्जैनकर मराठीतसुद्धा तेजाबच म्हणतो, ते अगदी सावकाश सोडायचं. मग मिठाच्या पाण्यानं धुवायचं, मग कॉस्टिक सोडा घालून उरलेलं आम्ल मारायचं. एवढं सोसल्यावर ते तेल पाण्याशी भांडणं सोडून देतं आणि पाण्यात मिसळतं. गावाबाहेरच्या भैरवगढचे छापेवाले, म्हणजे ठशांनी कापड छापणारे कारागीर, कापडावर लाल रंग चढवताना ते रंगाच्या कढईत घालतात. कापड सगळीकडे सारखं भिजतं, रंग आतपर्यंत जातो आणि लाल कसा खणखणीत उतरतो. चामडं मऊ करायला, सूत ओलं करायलाही ते लागतं. पण अप्पांचा जीव भैरवगढच्या लाल रंगात.

"एरंडेलाला एक हात असतो," ते सांगायचे. "शेंगदाण्याच्या तेलाला नसतो, सरसोंच्या तेलालाही नसतो. तेजाब येतं आणि तो हात धरतं. बस, मग ते तेल पाण्यात उतरायला घाबरत नाही." मी रसायनशास्त्राची बी.एस्सी., मला त्या हाताचं इंग्रजी नाव पाठ होतं. पण हे असं मला कुठल्या प्रोफेसरानं सांगितलं नव्हतं.

मी नोकरी मागायला गेले तेव्हा त्यांनी माझी मार्कशीट बघितलीसुद्धा नाही. दोन काचेचे ग्लास पाण्यानं भरून पुढे ठेवले. एकात एरंडेलाचा थेंब टाकला, तो वर पिवळ्या डोळ्यासारखा तरंगत राहिला. दुसऱ्यात स्वतःच्या तेलाचा टाकला. तो फुटला, पसरला आणि सगळं पाणी दुधासारखं पांढरं झालं.

"काय दिसतंय?"

मी इमल्शन वगैरे सुरू केलं.

"ते पुस्तकातलं झालं. दिसतंय काय?"

"पाणी पांढरं झालं."

"आणि?"

मी पुन्हा ग्लासात डोकावले. त्यांनी मला तिथंच बसवलं आणि स्वतः जेवायला निघून गेले. जेवून, वामकुक्षी करून आले ते साडेतीनला. मी ग्लासापुढे चडफडत बसलेली. म्हणाले, "आता?" मी वैतागून म्हटलं, "अजून पांढरंच आहे, दुसरं काय असणार!" तर टाळी वाजवली गड्यानं. "हेच! पांढरं कुणीही करेल, पांढरं राहिलं पाहिजे. या उद्यापासून." त्या दिवसापासून पुढची बावीस वर्षं मी त्या शेडमध्ये होते.

अप्पांना बोलायला फार आवडायचं, पण तेजाब सुरू झालं की तोंडाला कुलूप. तेजाबाची काचेची बरणी वर स्टँडवर, तिची तोटी केसभर उघडलेली, खाली तेलाचं पिंप, बाहेरून गार पाणी फिरतंय, आणि अप्पा एका हातानं घोटणी फिरवत मनात रामरक्षा म्हणताहेत. एका रामरक्षेत किती थेंब पडायचे याचं त्यांचं माप ठरलेलं होतं. थर्मामीटर होता, तो माझ्यासाठी. त्यांचा डावा तळवा पिंपावर असायचा. तेजाब पडलं की तेल तापतं, आणि जास्त तापलं तर जळून काळं होतं, सगळा घाणा वाया. "भीती वाटली तर तेल जळतं, घाई झाली तर तेल जळतं, आणि बायकोशी भांडून आलं तर हमखास जळतं," असं म्हणायचे. काकू खिडकीतून ओरडायच्या, "मग रोज कसं चांगलं होतं हो?"

त्यांच्या प्रत्येक शर्टाला तेजाबाच्या शिंतोड्यांची भोकं. काकू ती हाताला लागेल त्या रंगाच्या दोऱ्यानं रफू करायच्या. त्यामुळे अप्पांचे पांढरे शर्ट लांबून बुट्टीदार दिसायचे. फ्रीगंजातल्या एका कापडवाल्यानं त्यांना खरंच विचारलं होतं, "ये डिज़ाइन कहाँ से लिया, अप्पा?"

खिशात तेलाची एक चपटी बाटली कायम. कुणी नुसतं "सध्या काय चालू?" म्हटलं की हे पाणी मागवायचे. बारशी, मुंजी, साखरपुडे, कुठलं कार्य म्हणून सोडलं नाही. एका सत्यनारायणाला असाच कुणा पाहुण्याला चमत्कार दाखवला आणि तो पांढरा ग्लास पूजेच्या साहित्याशेजारी ठेवून दिला. गुरुजींनी तो दूध समजून उचलला. पंचामृतात ओतणार एवढ्यात काकू अशा किंचाळल्या की गुरुजींची पळी उडाली. अप्पा शांतपणे म्हणाले, "घाबरू नका, पांढरं राहिलंय ना? म्हणजे घाणा उत्तम आहे." घरी गेल्यावर त्यांची जी पूजा झाली तिचा प्रसाद मी दुसऱ्या दिवशी ऐकला.

पण अप्पा म्हटलं की मला आठवते ती हनीफभाईंची गोष्ट. हनीफभाई भैरवगढचे छापेवाले, चार पिढ्यांचं काम. एकदा त्यांचा निरोप आला की लाल रंग डाग डाग उतरलाय, पंचवीस चादरी गेल्या. माझं डोकं फिरलं. मी म्हटलं, "त्यांच्या विहिरीचं पाणी बदललं असेल. आपलं तेल मी स्वतः तपासलंय." अप्पांनी ठेवणीतला नमुना काढला, जिभेला लावला आणि थुंकला. "धुणं कमी पडलंय. आंबट लागतंय." ते धुणं माझं होतं.

मी म्हटलं, फोन करून सांगते. तर म्हणाले, "फोनवर चूक सांगत नसतात. जावं लागतं." स्कूटरवर मला मागे बसवून भैरवगढला गेले. तिथं सगळ्या कारागिरांसमोर उभे राहून म्हणाले, "हनीफभाई, ग़लती मेरे हाथ की है." माझं नावसुद्धा घेतलं नाही. मग बाह्या वर करून त्या चादरी धुवायला बसले. हनीफभाई हात धरून उठवायला लागले, "अप्पा, शर्मिंदा मत करो यार!" तर म्हणे, "तुम चाय मँगाओ." परत येताना मी मागच्या सीटवर रडत होते. अप्पांनी आरशातून बघितलं आणि म्हणाले, "रडू नकोस, वीणा. माझा हात म्हटलं की त्यात तुझापण आला." असा माणूस. काहीही बिघडलं की आधी स्वतःच्या हाताकडे बघणार. ही सवय आम्हाला माहीत होती. तरी आम्ही जे केलं ते केलं.

आजार चोरपावलांनी आला. आधी नावं गेली. मग रामरक्षा अर्ध्यावर अडायला लागली, पुन्हा पहिल्यापासून सुरू व्हायची, तशी तेजाबाची धार लांबायची. एक दिवस मी मीठ आणायला दुकानात गेले होते. परत येते तो शेडमधून धूर आणि नाकाला झोंबणारा वास. तोटी पूर्ण उघडी, पिंपात डांबरासारखं काळं काहीतरी फसफसतंय, आणि अप्पा डाव्या हातावरचं भाजलेलं बघत उभे. त्यांना दुखत नव्हतं का, की दुखतंय हे सांगायचं कुणाला ते आठवत नव्हतं, देव जाणे. मी हात नळाखाली धरला. ते मला म्हणाले, "बाई, तुम्ही लांब व्हा. इथं तेजाबाचं काम चालतं."

डॉक्टरांनी सांगितलं, विस्मरणाचा आजार आहे, वाढतच जाणार, त्यांना असल्या कामापासून दूर ठेवा. मूलबाळ नव्हतं, त्यामुळे ठरवणार कोण, तर काकू आणि मी. काकूंनी शेडला कुलूप घातलं. अप्पा सकाळी सातला तयार होऊन कुलपापाशी गेले. ते ओढलं, हलवलं, खिसे चाचपले. दुपारपर्यंत उन्हात तिथंच उभे. जेवायला येईनात. दुसऱ्या दिवशी तेच. तिसऱ्या दिवशी काकू माझ्या गळ्यात पडल्या, "वीणा, हा माणूस दारात उभा राहून मरेल गं."

आणि माझ्या सुपीक डोक्यातून कल्पना निघाली. तेजाबाच्या बरण्यांत पाणी भरून ठेवायचं.

किती हुशार मी! सगळा विचार केला होता. तेजाब पाण्याच्या जवळजवळ दुप्पट जड असतं, बरणी उचलली तर अप्पांना पहिल्याच दिवशी कळलं असतं. म्हणून बरणी मीच आधी स्टँडवर चढवून ठेवायची. खरं तेजाब, कॉस्टिक, सगळं मी तिथून हलवलं. हनीफभाईंना सांगितलं की आता तेल दुसरीकडून घ्या. मला एका शाळेत प्रयोगशाळेची नोकरी मिळाली होती, पण रोज सकाळी शाळेआधी जाऊन मी त्यांची खोटी बरणी भरायची. आणि अप्पा खूश! एरंडेलात पाण्याचे थेंब सोडताहेत, घोटणी फिरवताहेत, ओठ हलताहेत. काकूंनी माझ्या तोंडावरून हात फिरवून बोटं मोडली. आम्ही दोघी दारात उभ्या राहून हसलो होतो, हेही लिहिते.

एकच विचार मी केला नव्हता. संध्याकाळी अप्पा ग्लासात थेंब टाकणार होते.

साधं एरंडेल ते. पाण्यात कसं मिसळणार? पिवळा डोळा वर तरंगत राहिला. पहिल्या दिवशी ते म्हणाले, "आज कमी पडलं." दुसऱ्या दिवशी, "घोटणं नीट झालं नाही." मे महिन्यात पिंपावर तळवा ठेवून म्हणाले, "गार कसं लागतंय? थंडी फार आहे वाटतं." सगळ्या गोष्टींचा दोष काढून झाला. बरणीवर त्यांना कधीच संशय आला नाही, कारण बरणी मी भरायची. मग एका संध्याकाळी ते दोन्ही हात उताणे करून बघताना मला दिसले. मी शाळेतून येताना भाजी घेऊन आले होते. मला म्हणाले, "जमत नाही आता."

कालचं जेवण त्यांना आठवत नसे. मला आजाराबद्दल तेवढंच ठाऊक होतं. मला वाटलं, हेही विसरतील. ग्लास विसरायचे, थेंब विसरायचे, पण आपल्या हातून काहीतरी बिघडतंय हे विसरायचे नाहीत. सकाळी उठायचे तेच पडलेला चेहरा घेऊन. काकू विचारायच्या, काय होतंय? तर म्हणायचे, "काही नाही. काहीतरी चुकलंय माझं."

एक दिवस अप्पा घरातून नाहीसे झाले. आम्ही बसस्टँड पालथा घातला. तासाभरानं हनीफभाईंचा फोन आला, "वीणा बेटी, अप्पा मेरे पास हैं. जल्दी आओ." मी गेले तर अप्पा कारागिरांसमोर उभे. हात जोडलेले. "भाइयों, माल ख़राब जा रहा है. ग़लती मेरे हाथ की है." जो माल कधी गेलाच नव्हता, त्याची माफी मागत होते. हनीफभाईंचे डोळे वाहत होते. मला बाजूला घेऊन ते म्हणाले, "बेटी, ये क्या करवा रही हो उनसे?"

तरी शहाणपण सुचलं नाही. मी दुसरी युक्ती केली. हनीफभाई आता ज्या कारखान्याचं तेल घ्यायचे, त्यातलं थोडं मागून आणलं आणि दुपारी अप्पा झोपलेले असताना पिंपातलं एरंडेल काढून ते भरलं. संध्याकाळी अप्पांनी ग्लासात थेंब टाकला. पाणी दुधासारखं पांढरं झालं. काकूंनी "अगंबाई!" म्हणून टाळ्या वाजवल्या, शिरा करायला आत धावल्या. अप्पा हसले नाहीत. ग्लास नाकापाशी नेला, पुन्हा हुंगला.

"हे अमोनियानं केलेलं आहे. आम्ही कॉस्टिकनं करतो." माझ्याकडे वळून अगदी अदबीनं विचारलं, "कुणाचं आहे, बाई?"

मी मान फिरवून पिंपाकडे बघितलं.

"ज्यांचं असेल त्यांना सांगा, छान जमलंय. आमचं आता जमत नाही." ग्लास धुतला, पालथा घातला, आणि बाहेर येऊन व्हरांड्यात बसले. शिरा थंड झाला. शेडचं दार उघडंच होतं, पण त्यानंतर ते तिकडे एकदाही गेले नाहीत. कुलपासमोर उभा राहणारा तो हट्टी माणूस मला हजार वेळा चालला असता.

चार-पाच महिने मी ते गिळून राहिले. रोज जायची, त्यांच्या शेजारी बसायची, घरी जाऊन नवऱ्यावर डाफरायची. शेवटी एका रविवारी सकाळी काकू देवळात गेलेल्या असताना मी त्यांच्या पायाशी बसले आणि सांगून टाकलं. "अप्पा, तुमचा हात गेला नाहीये. बरणीत तेजाब नव्हतंच. पाणी होतं. मी भरत होते."

त्यांनी माझ्या तोंडाकडे निरखून बघितलं. मग एकदम नजर स्वच्छ झाली. "वीणा?"

"हो, अप्पा."

"पाणी होतं?"

"हो."

"मग कसं फुटेल तेल!" असे हसले, बाई, असे हसले! मांडीवर थाप मारली. जुने अप्पा. मला वाटलं, सुटलो आपण दोघं. मग हसू ओसरलं.

"पण का गं?"

मी आजाराचं सांगितलं, धुराचं सांगितलं, त्यांच्या हातावरचा डाग दाखवला. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. समजलं त्यांना, सगळं समजलं. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून म्हणाले, "मला विचारायचंस ना, बेटा. मी स्वतः बंद केलं असतं."

रागावले असते तर मी सहन केलं असतं. पण ते खरंच बोलत होते. घाणा बिघडला तर भैरवगढला जाऊन हात जोडणारा माणूस हा. त्याला एकदा समोर बसवून, "अप्पा, आता धोका आहे, थांबू या का," एवढं विचारायचं आम्हाला सुचलं नाही. कुलूप सुचलं, पाणी सुचलं, परक्याचं तेल सुचलं. त्यांनी हसत शेड बंद केली असती, कदाचित रडतही, पण चांगल्या हातानं केली असती.

मी त्यांच्या गुडघ्यावर डोकं ठेवून रडले. ते थोपटत राहिले. काकू देवळातून आल्या, चहा झाला. चहा पिता पिता त्यांची नजर पुन्हा पातळ होत गेली, माझ्या चेहऱ्यावरून घसरून अंगणात गेली. मी निघाले तेव्हा ते फाटकापर्यंत पोचवायला आले, ही त्यांची जुनी रीत. कडी स्वतः काढली. मी चपला घालून वळले तर दोन्ही हात उताणे करून बघत होते.

"इतक्या लांब आलात, बाई," ते ओशाळून म्हणाले. "आज काही जमलं नाही. उद्या नक्की करून देतो."

"चालेल, अप्पा," मी म्हटलं. "मी उद्या येते."

मंगळवारी पहाटे ते गेले. सोमवारी शाळेत परीक्षा होती, म्हणून मी गेले नव्हते.